पाण्यापासून हातभर वर

साधा सर्फबोर्ड पाण्याला चापट्या मारत जातो. फॉइलबोर्डचं तसं नाही. थोडा वेग आला की तो पाणी सोडून हातभर वर उठतो आणि फळीखालची खळखळ एकदम थांबते. वर फळी, फळीवर माणूस, खाली पाऊण मीटरची पातळ काठी म्हणजे मास्ट, आणि मास्टच्या तळाशी पाण्यात बुडालेलं एक छोटंसं विमान, म्हणजेच फॉइल. त्याला पुढे मोठा पंख, मागे लहान पंख आणि दोघांना जोडणारा दांडा. विमान ज्या न्यायानं हवेत तरतं, त्याच न्यायानं हे पाण्यात तरतं. पण पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. त्यामुळे वीतभर रुंद आणि दोन हात लांब पंख एका धडधाकट माणसाला सहज उचलून धरतो.

ही चैन मला परवडते ती सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीमुळे. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. खाऱ्या वाऱ्यांचा सगळ्यात दांडगा भाऊ इथे राहतो. उन्हाळ्यात आतली सेंट्रल व्हॅली चाळिशीच्या घरात तापते आणि पॅसिफिकचं पाणी मात्र बारा-चौदा अंशांवर गारठलेलं असतं. तापलेली हवा वर गेली की तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या खिंडीतून आत घुसते. दुपारी बरोबर मीटिंगच्या वेळेला. त्यात ओहोटी असली तर पाणी बाहेर निघालेलं, वारा आत शिरणारा, आणि दोघांच्या भांडणात लाटा ताठ उभ्या राहतात. हातात विंग, म्हणजे हवा भरून फुगवलेलं शीड, धरून अशा पाण्यावर उभं राहिलं, की आपण घरी काय घडवलं आहे ते लख्ख कळायला लागतं.

घरी घडवायचं कशाला, हा प्रश्न फ्रीमाँटच्या आमच्या गल्लीत मला नेहमी विचारला जातो. दुकानात चांगले बोर्ड मिळतात. पण दुकानातला बोर्ड सरासरी माणसासाठी केलेला असतो, आणि सरासरी माणूस मला खाडीत अजून भेटलेला नाही. कुणाचे पाय लांब, कुणाचा गुडघा दुखरा, कुणाला लाटेचा हलका धक्का हवा, तर कुणाला नुसता वेग. शिवाय स्वतः घडवलेल्या वस्तूच्या पोटात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. मोडली तर का मोडली तेही कळतं.

पोटात असतो पांढरा ईपीएस फोम, फ्रीजच्या खोक्यात येतो त्याचाच जरा घट्ट प्रकार. तापल्या तारेनं त्याचा ढोबळ आकार कापायचा आणि मग घासत बसायचं. या कामाला उजेड डोक्यावरून चालत नाही. ट्यूबलाइट कमरेच्या उंचीवर, दोन्ही भिंतींना आडवी लावावी लागते. तिरप्या उजेडात फोमवरचा प्रत्येक उंचवटा स्वतःची सावली टाकतो आणि पकडला जातो. माझी आई इथे आली होती तेव्हा गॅरेजच्या दारात उभी राहून म्हणाली, "अगं, एवढ्या निष्ठेनं कधी पोळपाट घासला होतास का?" मग आत येऊन तिनं फोमवरून तळवा फिरवला आणि म्हणाली, "इथे फुगलंय बघ." सावलीत न दिसलेला उंचवटा तिथे खरंच होता. जन्मभर पोळ्या लाटलेल्या हाताला एवढं कळणारच.

त्यानंतर काचकापड आणि इपॉक्सी. स्वस्त पॉलिएस्टर रेझिन इथे चालत नाही, ते हा फोम विरघळवून टाकतं. इपॉक्सी लावायची वेळही पाहावी लागते. सकाळी ऊन चढताना लावलं तर फोममधली हवा तापून फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. म्हणून हे काम संध्याकाळी, पारा उतरायला लागला की हाती घ्यायचं. आता फोम हवा बाहेर टाकत नाही, उलट रेझिनच आत ओढून घेतो. हातमोजे आणि मास्क यांत मात्र कुचराई नको. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगात मुरली की सहसा जन्माची सोबत करते.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे मास्ट जिथे बसतो ती. नव्वद मिलिमीटर अंतरावर दोन समांतर खाचा आणि त्यांत चार बोल्ट. साऱ्या माणसाचा भार, वळणांचे पीळ, आपटण्याचे हिसके, सगळं पाऊण मीटरच्या तरफेनं वाढून या चार बोल्टांवर येतं. नुसत्या फोममध्ये खाचा बसवल्या तर त्या मुळासकट उपटून निघतील. म्हणून तिथे कठीण पीव्हीसी फोमचा ठोकळा बसवून तो वरच्या आणि खालच्या काचकापडाशी बांधून टाकतात. बोर्ड चांगला आहे की नुसता देखणा, ते या ठोकळ्यावर ठरतं.

इथवर हाताचं काम झालं. पुढची परीक्षा पाण्यात असते आणि मला खरी गोडी तिचीच आहे.

पंखाची उचल वेगाच्या वर्गानं वाढते. वेग दुप्पट केला तर उचल चौपट, आणि पंख पाण्याबाहेरच निघायला पाहतो. हा नियम आपल्या आधीच्यांनाही छळत होता. इटलीत एन्रिको फोर्लानिनीनं १९०६ साली माज्जोरे सरोवरावर फॉइलची बोट चालवली. पुढे टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी केसी बाल्डविन त्याच्या बोटीत बसून आले आणि कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या बॅडेक गावी त्यांनी स्वतःच्या बोटी बांधायला घेतल्या. चौथी, एचडी-४, ९ सप्टेंबर १९१९ रोजी ताशी ११४ किलोमीटरवर पोचली आणि जागतिक विक्रम झाला. बेल तेव्हा ७२ वर्षांचे होते. त्या बोटीचे पंख शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक होते. वेग वाढला की बोट वर उठे, वरच्या पायऱ्या पाण्याबाहेर येत, पंखाचं क्षेत्रफळ कमी होई आणि उचल आपोआप आटोक्यात राही.

आज फॉइलबोर्डला शिडी नाही. ते काम आपले पाय करतात. उचल वाढली की पुढचा पाय दाबायचा, कमी झाली की मागचा. वर उठताना बेसावध राहिलं आणि पंख पाण्याबाहेर डोकावला, तर त्याच्या पाठीवर हवा शिरते, उचल जागच्या जागी नाहीशी होते आणि माणूस तोंडावर आपटतो. पाय ही कसरत इतक्या लवकर शिकतात की काही दिवसांत मनाला पत्ताही लागत नाही.

चाचणीचा घोळ होतो तो इथेच. बोर्डाचा दोष पाय न सांगता भरून काढतात आणि दोष दिसतच नाही. बोर्डाला सांभाळणारा आणि बोर्डाविरुद्ध साक्ष देणारा एकच. त्या साक्षीवर किती भरवसा ठेवायचा? शिवाय बोर्ड स्वतःचा असला की आई लेकराच्या बेसूर गाण्याला देते तशी दाद आपण त्याला देत असतो.

यावर आमच्या घरी एक उपाय आहे. मागच्या पंखाखाली शिम म्हणून एक पातळ पाचर बसते. तिनं पंखाचा कोन अर्ध्या अंशानं बदलला तरी पायांवरचा भार बदलतो. नवरा पाण्यात उतरण्याआधी मी फॉइल आत नेते आणि त्याला न सांगता शिम घालते, काढते किंवा उलटी बसवते. एकदा तो बाहेर येऊन ठामपणे म्हणाला, "आज मागचा पाय हलका आहे, कोन बदललायस तू." मी बोल्ट सैल करून पुन्हा आवळले होते, इतकंच. पण दुसऱ्या एका दिवशी न सांगितलेला अर्धा अंश त्यानं बरोबर ओळखला. दोन्ही नोंदी वहीत शेजारी शेजारी आहेत.

कधी बोर्ड स्वतःहून बोलतो. ठराविक वेगाला फॉइल गुणगुणायला लागतं, तंबोऱ्याची तार छेडल्यागत. पंखाच्या मागच्या कडेला पाणी सुटताना बारीक भोवरे एका तालात निघतात आणि सगळा मास्ट थरथरतो. ही कड बारीक पॉलिश कागदानं जरा तिरपी घासली की बहुतेक वेळा सूर बंद होतो. निदान आवाज तरी खोटं बोलत नाही.

याच खाडीत २०१३ साली अमेरिकाज कपची शर्यत झाली. २२ मीटरच्या कॅटामरान, म्हणजे शिडाच्या जोडबोटी, फॉइलवर उठून धावत होत्या. ओरॅकल संघ ८-१ असा मागे पडला आणि ९-८ असा जिंकला. दरम्यान बोटीत बदल झाले, डावपेच आखणारा बदलला, बोट चालवण्याची रीत बदलली. नेमकं कशानं जिंकले यावर आजही वाद घालता येतो, कारण एकदम सगळंच बदललं. चषक हवा असेल तर असंच करावं. शिकायचं असेल तर करू नये.

तेव्हा गॅरेजात बोर्ड घडवायचं मनात असेल तर जरूर घडवा. फक्त मास्टची जागा, शिम आणि पंख यांपैकी एका दिवशी एकालाच हात लावा. वारा आणि भरती-ओहोटीची वेळ लिहून ठेवा. आणि किनाऱ्यावर कुणी "कसा वाटला?" असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी वहीत लिहा.