पाय टेकतात

आजीचं माहेर मुळशी खोऱ्यातलं. गाव धरणात गेलं तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. पुढे लग्न होऊन पौडला आली, पण धरणाच्या बाजूला तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही, आणि आम्हा नातवंडांना साध्या ओढ्यातही उतरू दिलं नाही. "पाणी सांगून येत नाही म्हणतात," ती म्हणायची, "आमच्याकडं तर नोटीस देऊन आलं. तरी काय करता आलं?"

मी शिकलो, पुण्यात बँकेत लागलो आणि आजीचं हे सगळं बोलणं अडाणीपणाच्या खात्यात टाकून मोकळा झालो. पोहायला मात्र शिकलो नाही. कुणी विचारलं तर वेळ मिळाला नाही म्हणायचो. घाबरतो, हे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

2016 च्या ऑक्टोबरात आम्ही कोलाडला गेलो. मी, बायको, आई आणि दहा वर्षांची मुलगी. ताम्हिणी उतरताना कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा अजून लोंबत होत्या. मुलगी त्या मोजत होती. तेविसाव्या धबधब्यापाशी तिला उलटी झाली आणि मोजणी थांबली.

कुंडलिकेच्या संथ पाण्यात कयाक चालवायला शिकवणारे गृहस्थ पन्नाशीचे असतील. सगळे त्यांना मामा म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि मला म्हणाले, "साहेब, तुम्ही माझ्यासंगं दोघांच्या होडीत बसा." मुलीला एकटीची होडी आणि मला जोडीची? मी ऐकलं नाही. मलाही एकट्याचीच हवी होती. "बरं," म्हणाले. "वल्हं एवढं घट्ट धरू नका. हात भरून येतील."

पहिली पंधरा मिनिटं बरी गेली. मग एका वळणावर होडी जरा कलली आणि माझं भान सुटलं. पुढे जे झालं ते लिहायला मला दहा वर्षं लागली. मुलीची होडी शेजारीच होती. मी तिचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि अंगाखाली ओढला. दोन्ही होड्या उलटल्या. ती जॅकेटवर बुचासारखी तरंगत होती. मी नाकातोंडात पाणी घेऊन हातपाय झाडत होतो. तिच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

मामा होडी वल्हवत जवळ आले. त्यांनी मला हात दिला नाही. फक्त म्हणाले, "साहेब, उभं राहा. पाय टेकतात."

उभा राहिलो. पाणी कमरेला होतं.

काठावरून बायकोने हाक मारली, काय झालं? माझ्या तोंडून शब्द फुटेना. मामांनीच सांगितलं, "वारं आलं वहिनी, दोन्ही होड्या घासल्या." त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं.

नंतर मी मुकाट्याने त्यांच्या होडीत पुढे बसलो. एका ओहोळाच्या तोंडाशी त्यांनी होड्या वर ओढून ठेवल्या आणि आम्हाला दगडांतून आत नेलं. आई आणि बायको काठाकाठाने चालत आल्या. आत दोन पुरुष उंचीचा धबधबा होता. मुलगी सरळ त्याच्याखाली जाऊन बसली. आईने डब्यातल्या पोळ्या काढल्या, मामांनी त्यांच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट.

"कुठले तुम्ही?" त्यांनी विचारलं. पौडचे म्हटल्यावर हसले. "मग या नदीत तुमच्याकडचंच पाणी आहे की." मला कळेना. त्यांनी समजावलं: मुळशी धरणाचं पाणी डोंगरातल्या बोगद्यातून येतं, मोठ्या नळांतून खाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं, आणि वीज करून झाली की कुंडलिकेत सुटतं. म्हणून तर उन्हाळ्यात आसपासचे ओढे कोरडे पडले तरी ही नदी वाहते. "हा धबधबा आमचा," ते म्हणाले. "खालचं पाणी पावण्यांचं."

आईचा हात डब्यातच थांबला. "म्हणजे सासूबाईंच्या माहेरचं," ती म्हणाली. परतताना नदीपाशी तिने चपला काढल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात बराच वेळ उभी राहिली.

मी इतकी वर्षं पुण्यात राहतो. मुळशीच्या काठावर हॉटेलात जेवायलाही गेलो आहे. हे पाणी कुठे जातं असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्यानंतर वाचू लागलो. 1921 चा मुळशी सत्याग्रह, सेनापती बापट, 1927 साली सुरू झालेलं भिऱ्याचं वीजघर. मुळेचं जे पाणी भीमेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जायचं, ते सुमारे 500 मीटर खाली उतरून रेवदंड्याला पश्चिमेच्या समुद्रात जातं. आजी गेल्यावर तिच्या गावाची वाट मला दाखवली ती एका होडीवाल्याने. आणि त्याच वर्षी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. वर्गात बाकी सगळी पोरं सात-आठ वर्षांची होती.

दोन वर्षांनी कोलाडला पुन्हा गेलो. मामा तिथे नव्हते. गुजरातेत मुलाकडे गेले, एवढंच कळलं. त्यांचं पूर्ण नाव मी विचारलेलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिला सगळं सांगून टाकलं. तिची होडी मीच ओढली होती, वारा वगैरे काही नव्हता. ती आंबा कापत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे, बाबा. धबधब्याखाली मामा मला म्हणाले होते, बाबांना पाण्याचं भ्या वाटतं, तू जवळ जवळ राहा त्यांच्या."

परतताना ती माझ्या शेजारूनच वल्हवत होती. त्या वेळी मला वाटलं होतं, तीच घाबरली असेल.