नऊ खणांचे घर

वैशाख सरत आला की आमच्या दापोऱ्यात खाऱ्या मातीच्या गाड्या फिरू लागत. घरोघरची माणसे शिडी लावून धाब्यावर चढत, टोपल्या हातोहात वर जात आणि जुन्या मातीवर नवा थर पसरला जाई. मृगाच्या आधी हे काम उरकले नाही तर त्या घरच्या कर्त्याची गावात नाचक्की होई. वडील म्हणत, "पोरीचं लगीन एक साल पुढं ढकललं तरी चालीन, खारी टाकणं ढकलून चालत नाही." लहानपणी मला त्यात नुसती गंमत वाटे. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली, आणि एक घर गमवावे लागले.

आमचे घर नऊ खणांचे होते. हा हिशेबही आता नव्या पिढीला समजावून सांगावा लागतो. दोन खांबांच्या मधली जागा म्हणजे खण. किती खणांचे घर, यावरून माणसाची ऐपत कळे. चौरस फूट नंतर आले. भिंती हात-दीड हात जाडीच्या, पांढऱ्या मातीच्या. पण घराचा सगळा भार पेलायचा तो सातपुड्याच्या सागाने. दगडी तळखड्यावर खांब उभा, खांबाच्या माथ्यावर नक्षीचे हात, त्यांवर सर, सरांवर कड्या, कड्यांवर किलचन, त्यावर निंबाचा पाला आणि मग मातीचे थर. खांबाला कुसू काढून ते वरच्या लाकडाच्या भोकात असे बसवलेले, की खिळ्याची गरजच पडू नये. भिंत पडली तरी घर उभे राहते, असे जुने सुतार अभिमानाने सांगत. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात केळीची पाने करपत, पण माजघरात गोणपाट अंथरून पडले की डोळा लागे.

मी नववीत असताना जळगावला सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनात रशियन लोककथांचे एक पुस्तक घेतले. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे आणि किंमत आमच्यासारख्यांच्या खिशाला परवडणारी. त्या चित्रांतली लाकडी घरे पाहून मी हरखलो. पुढे कळले, त्या घराला 'इज्बा' म्हणतात. आडवे ओंडके एकावर एक रचायचे, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवायचे आणि फटींत शेवाळ ठासायचे. मुख्य हत्यार कुऱ्हाड. घराच्या पोटात मातीविटांची भलीमोठी चूल. तिच्या पोटात भाकरी भाजे आणि तिच्याच माथ्यावर म्हातारी माणसे झोपत. आमचे लाकूड उन्हाशी झुंजले, त्यांचे हिमाशी. पण माणूस तोच! त्यांच्या खिडक्यांच्या चौकटींना कोरीव झालर, आमच्या दारावर गणेशपट्टी. त्यांच्या घरात मूर्तिचित्रांचा पवित्र कोपरा, आमच्या घरात देवळी. त्यांचा घरराखा 'दोमोवोय'. घर बदलताना जुन्या चुलीतले निखारे नव्या चुलीत नेऊन त्याला सोबत येण्याचे आमंत्रण द्यायचे. आमची वास्तू तर बोलल्या शब्दाला 'तथास्तु' म्हणणारी.

हे सारे मी वर्गात रंगवून सांगत असे. ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावरचे 1714 सालचे बावीस घुमटांचे लाकडी चर्च फळ्यावर काढून दाखवत असे. मुले तोंडात बोट घालत. त्याच वर्षांत दापोऱ्याच्या घराचे काय चालले होते, ते मात्र मी कुणाला सांगितले नाही.

वडील गेल्यावर मी बऱ्हाणपुरात स्लॅबचे घर बांधले. धाकटा नाना शेती आणि माय सांभाळून दापोऱ्यातच राहिला. दर उन्हाळ्यात त्याचा निरोप येई, "भाऊ, खारी टाकायची हाये, मजूर भेटत नाही, तुम्ही येता का?" कधी परीक्षेचे काम, कधी जनगणना, कधी मुलीचा प्रवेश. मी पैसे पाठवी. पैशाने माती चढत नाही. नाना एकटा किती पुरणार? त्याने दोन उन्हाळे धाब्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला. कागदाखाली ओल कोंडली. 2019 च्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. सुतारांचे म्हणणे खरे ठरले. भिंत पडली, पण नऊ खण जागच्या जागी उभे राहिले. नशिबाने माय ओसरीत होती.

पुतण्याचे लग्न ठरत होते. मुलीकडचे घर पाहायला आले आणि मातीचे घर म्हणून दारातूनच परतले. त्यानंतर नानाने विचारले, "भाऊ, आता काय करायचं?" मी थोरला. ज्याने दहा वर्षांत एक टोपली खारी टाकली नाही, त्याने "घर राखा" म्हणायचे तरी कोणत्या तोंडाने? मी हो म्हटले.

जुन्या लाकडाचा व्यापारी आला. त्याने खांबावर बोटाची पेरे वाजवली, कान दिला आणि टेप काढून घनफुटांचा हिशेब मांडला. ज्या खांबाला धरून मी उभे राहायला शिकलो, त्याचे आकडे तो तंबाखू मळत सांगत होता. घासाघीस नानाने केली. मला जमले नाही.

2022 च्या चैत्रात घर उतरवायचे ठरले. पहाटे पोचलो तर माजघरात दिवा. माय शेणाचा गोळा घेऊन जमीन सारवत होती. ऐंशी ओलांडलेली बाई, गुडघ्यावर रेटत रेटत नऊ खण सारवत निघालेली. नाना दारात उभा राहून म्हणत होता, "माय, आता दोन घंट्यात सगळं खाली येणार, कशाले करते?" ती मान वर न करता म्हणाली, "पाहुणी जाते तं तिची वटी भरता ना? घराले तसंच धाडता का?"

मी तिथेच बसलो. रशियन लेखक वालेन्तिन रास्पुतिन यांची 1976 सालची 'मात्योराचा निरोप' ही कथा मी कॉलेजात वाचली होती. धरणात बुडणाऱ्या बेटावरची दार्या नावाची म्हातारी, घर जाळले जाणार हे ठाऊक असूनही आदल्या दिवशी त्याला चुना लावते. तेव्हा मला तो लेखकाचा कल्पनाविलास वाटला होता. माझ्या मायने रास्पुतिन वाचलेला नाही. तिला सही पुरते अक्षर येते. पण सैबेरियातल्या नदीकाठच्या दार्याला जे कळले, ते तिला उपजतच कळत होते. माहीत नव्हते ते एम. ए. झालेल्या तिच्या मुलाला.

घर उतरवताना आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक जोडाजवळ पटाशीने मारलेल्या रेघा होत्या. एक, दोन, तीन... कोणता खांब कोणत्या सराखाली, याची जुन्या सुताराची खूण. मजुरांनी त्याच क्रमाने वर खडूचे आकडे घातले. व्यापारी म्हणाला, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. हा सांगाडा जसाच्या तसा दुसरीकडे उभा राहतो. शहरातल्या लोकांना आता असलंच लागतं." त्याचे खोटे नव्हते. किझीचे ते चर्चही कलू लागले होते. त्याचे थर एकेक करून सोडवले, कुजलेले ओंडके बदलले, चांगले पुन्हा जागेवर बसवले. 2020 साली ते काम पुरे झाले. लाकडाचे घर पुन्हा जोडता येते, ही त्याची थोरवी. फक्त जोडणारे हात हवेत, आणि ते घराशेजारी राहणारे हवेत.

ट्रक भरून निघाला तेव्हा मायने एवढेच विचारले, "तिथं उंबऱ्याले हळद-कुंकू कोण लावीन?" व्यापाऱ्यापाशी याचे उत्तर नव्हते. माझ्यापाशीही नव्हते.

गणेशपट्टी तेवढी नानाने ठेवून घेतली. नव्या घराच्या लोखंडी दाराला ती बसत नाही; जिन्याखाली भिंतीला टेकून आहे. पुतण्याचे लग्न झाले, सून गुणी आहे, घर नीटनेटके आहे. तक्रार कुणाचीच नाही. फक्त वैशाखात दुपारी स्लॅब तापला की मायचे बाजले निंबाखाली काढावे लागते.

यंदा मृगाच्या तोंडावर गेलो होतो. आभाळ भरून आले होते. बाजल्यावरून तिने हाक मारली, "बापू, खारी टाकली का रे?"

"टाकली, माय," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी खोटे बोललो. ती समाधानाने कुशीवर वळली.