पायऱ्या आणि ओळी

रायगडाला पायऱ्या किती, हे हिरकणीवाडीत उभं राहून चार जणांना विचारावं. कुणी साडेचौदाशे सांगेल, कुणी सतराशेच्या वर जाईल. खोटं कुणीच बोलत नाही. वाटेतला सपाट टप्पा धरायचा की सोडायचा, झिजून धोंडा झालेली पायरी मोजायची की नाही, यावर आकडा हलतो. (१९९६पासून इथून रोपवेने वर जाणाऱ्यांचा हिशेब वेगळाच.)

लिनक्सच्या काळ्या पडद्यावरही हेच. ‘कॅट’ या आज्ञेला ‘उणे एन’ जोडलं की कोऱ्या ओळीलाही क्रमांक मिळतो. ‘एनएल’ हा ओळी मोजणारा दुसरा हुकूम कोऱ्या ओळी सोडून मोजतो.

प्रस्तुत लेखकाने ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय तपासायला घेतला आणि ‘एनएल’ चालवला, तर कोऱ्या ओळीही आकडे लावून बसलेल्या! त्याने आधी आज्ञावलीला शिव्या घातल्या. मग ‘कॅट’ला ‘उणे कॅपिटल ए’ देऊन अदृश्य खुणा उघड्या केल्या. देवनागरीचा पार चुथडा झाला, पण प्रत्येक कोऱ्या ओळीवर टोपी घातलेला एक ‘एम’ स्वच्छ दिसला. मजकूर विंडोजवर टाइप केलेला होता. टाइपरायटरचा गाडा मागे ओढण्याची ती जुनी खूण ओळीगणिक चिकटली होती. म्हणजे कोरी ओळ कोरी नव्हतीच. ‘टीआर’ने खुणा झाडल्या आणि हिशेब सरळ झाला. गंमत अशी, की ‘कॅट’ला अशी उपरी कामं लावू नयेत असं युनिक्सवाला रॉब पाइक १९८३ सालीच बजावून गेला होता. त्याचं तत्त्व बरोबर असेलही. त्या दुपारी मात्र उपरं कामच उपयोगी पडलं.

तरी ओळ म्हणजे ओवी नव्हे. या फाइलीत एक ओवी दोन ओळींत, आणि शेवटी दुहेरी दंडांत तिचा क्रमांक. पारायणाला बसलेला माणूस तोच आकडा सांगतो. ‘एनएल’ला ‘उणे बी पी’ लिहून पुढे दुहेरी दंड दिला, की तो असलेल्याच ओळी मोजल्या जातात. मात्र गीतेचे श्लोकही त्याच दंडांनी संपतात आणि गणतीत घुसतात. ते आधी वेगळे काढावे लागले. ‘एनएल’चे इंग्रजी आकडे ‘सेड’मधून गाळून देवनागरी करून घेतले.

ओव्या २७५ हव्यात, भरल्या २७४.

मग डावीकडचा आकडा आणि दंडांतला आकडा शेजारी ठेवून लेखक खाली सरकत गेला. ११२पर्यंत जोडी जुळली. पुढच्या ओळीत डावीकडे ११३ आणि दंडांत ११४.