अटी व शर्ती लागू

आमच्या भाच्याने रत्नागिरीत वेब होस्टिंगचा धंदा सुरू केला आणि त्याच्या अटी व शर्ती मराठीत लिहून देण्याचे काम आमच्या गळ्यात पडले. आम्ही वकील नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो, बी.एड.ला असताना पाठटाचणे तेवढी ढिगाने लिहिली आहेत. मसुदा तपासायला वकील ठरलेला होताच. पण भाच्याचे म्हणणे असे की, वकिलाचे लिहिलेले वकिलालाच कळते.

वेबसाईट शेवटी कुठल्या तरी संगणकावर ठेवलेली असते. तो संगणक रात्रंदिवस चालू ठेवायचा आणि त्यातली जागा भाड्याने द्यायची, हे होस्टिंग. भाच्याचा स्वतःचा असा संगणक नाही. मुंबईच्या डेटा सेंटरमधून तो एकगठ्ठा जागा घेतो आणि तिचे लहान लहान गाळे पाडून देतो. म्हणजे त्याचे गिऱ्हाईक हे पोटभाडेकरू. यात वावगे काही नाही, जगभर असेच चालते. पण मूळ मालकाने जे वचन दिलेले नाही ते पोटभाडेकरूला देता येत नाही, म्हणून ही गोष्ट आम्ही पहिल्याच कलमात उघड लिहायला लावली. "मामू, गिऱ्हाईक पळेल ना!" भाचा म्हणाला. पळाले नाही.

त्याने नमुना म्हणून चौदा पानांचा इंग्रजी कागद आणला होता. दुसऱ्या कुणाचा उचललेला. त्यानेही बहुधा तिसऱ्याचा उचललेला असावा, कारण बाराव्या पानावर लिहिले होते की, सर्व वाद टेक्सास राज्याच्या कायद्यानुसार तिथल्याच कोर्टात चालतील. राजापूरचा दवाखानेवाला तक्रार घेऊन टेक्सासला निघाला आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणून आम्ही दोघेही खूप हसलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची सोय दिली आहे. पोटासाठी स्वतः राबून धंदा करणारा लहान माणूसही त्यात ग्राहक ठरू शकतो. ग्राहकावर फार जाचक असलेला एकतर्फी करार 'अनुचित करार' म्हणून राज्य आयोगापुढे नेता येतो.

हसण्यावारी न नेण्याचे कारण आमच्या शाळेतच होते. शाळेची वेबसाईट एका माणसाने करून दिली होती. दहावीचे निकाल, मुशायऱ्याचे फोटो, गेलेल्या उस्तादांची छायाचित्रे, सारे तिथेच. सही केलेला इंग्रजी कागद कुणी वाचला नव्हता. शाळेच्या नावाचे डोमेन त्याने स्वतःच्या नावावर घेतले होते. पैशांवरून बोलाचाली झाली, त्याने साईट बंद केली, आणि शाळेचे नाव शाळेच्या हातून गेले. फोटोंच्या मूळ प्रती कुणाकडेच नव्हत्या. मुख्याध्यापक अजून तो कागद फाईलला लावून आहेत.

म्हणून दुसरे कलम: डोमेन ग्राहकाच्याच नावावर राहील, आणि भाडे थकले तरी ते अडवून धरले जाणार नाही. तिसरे: मुदत संपल्यावर तीस दिवस माल जपून ठेवू, पुसण्यापूर्वी तीनदा कळवू, त्यात एकदा फोनवर. भाच्याने फोनसाठी कुरकुर केली. आम्ही ऐकले नाही. आमच्याकडच्या किती दुकानदारांची ईमेलपेटी त्यांचा पुतण्या उघडतो, हे त्याला ठाऊक आहे.

मग आमचा विषय आला, टक्केवारी. जाहिरातीत ९९.९ टक्के वेळ साईट चालू राहील असे म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ते शंभरच वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे. त्याचा हजारावा भाग ४३ मिनिटे. तेवढा वेळ साईट बंद राहिली तरी वचन पाळलेच! वचन ९९ टक्क्यांचे असेल तर ७ तास १२ मिनिटे. आम्ही कलमात टक्क्यांबरोबर मिनिटेही लिहिली, आणि त्याहून जास्त बंद राहिली तर भाड्यात किती सूट, तेही लिहिले. 'अनलिमिटेड' हा शब्द मात्र खोडलाच. संगणकाच्या डबीला सीमा असते. पुढे बारीक अक्षरांत 'वाजवी वापर' लिहून तो शब्द मागे घेण्यापेक्षा आकडा दिलेला बरा.

बॅकअपचे कलम आम्ही सर्वांत ठळक टाईपात घेतले. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पुरती जळाली, लाखो संकेतस्थळे बंद पडली. आपल्या मालाची दुसरी प्रत कुठेच नाही, हे कित्येकांना त्या दिवशी कळले. आम्ही लिहिले की, आठवड्यातून एकदा प्रत काढू, ती दुसऱ्या शहरात ठेवू. तरीही एक प्रत तुम्ही घरी ठेवा, ती कशी काढायची ते पुढच्या पानावर चित्रासह दिले आहे. इथे पाठटाचणाची सवय कामी आली. टाचणात 'अपेक्षित वर्तनबदल' लिहायचा असतो. जे कलम वाचून गिऱ्हाईक काहीच वेगळे करणार नाही, ते घातले कशाला?

इंग्रजी कागदातल्या एका लांबलचक कलमाला मराठीत दोनच शब्द पुरले: अस्मानी-सुलतानी. पण मूळ मसुद्यात साऱ्या जगाची संकटे कोंबून कंपनी मोकळी झाली होती. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. तसे काही इथे झाले तर भाचा फोन उचलू शकणार नाही, हे मान्य. पण संगणक मुंबईत आहे, साईट बंद पडण्याचे कारण नाही. उलट २६ जुलै २००५ सारखा दिवस मुंबईत पुन्हा उगवला, एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला, तर ते अस्मानी खरेच. दर पावसाळ्यात जाणारी वीज मात्र अस्मानी नव्हे. जनरेटर ठेवणे हे डेटा सेंटरचे काम. सरकारी हुकमाने इंटरनेट बंद झाले तर ते सुलतानी.

खरी बोलाचाली झाली ती 'कंपनीला आक्षेपार्ह वाटेल तो मजकूर पूर्वसूचनेशिवाय काढला जाईल' या ओळीवरून. कुणाला काय आक्षेपार्ह वाटेल, हे आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. माहिती तंत्रज्ञान कायद्यात होस्टिंगवाला मध्यस्थ धरला आहे आणि कलम ७९ त्याला गिऱ्हाइकाच्या मजकुराच्या जबाबदारीतून सशर्त संरक्षण देते. मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मध्यस्थाला 'कळले' म्हणजे कोर्टाचा हुकूम किंवा सरकारची सूचना पोचली. कुणा टोळक्याचा फोन म्हणजे कळणे नव्हे! म्हणून लिहिले: फसवणुकीची पाने, व्हायरस, मुलांचे लैंगिक शोषण, हे तत्काळ बंद, बाकी कायदेशीर हुकमावरून, आणि कायद्याची आडकाठी नसेल तर ग्राहकाला कारण लेखी कळवून. "फोन आला तर मी घाबरेन, मामू," भाचा म्हणाला. घाबरशील म्हणूनच आधी लिहून ठेव, असे आम्ही म्हटले.

ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने मध्यस्थांच्या नियमांत ग्राहकाच्या पसंतीच्या भाषेची तरतूद आली. इंग्रजी किंवा आठव्या अनुसूचीतील कोणतीही. मराठी आहे, उर्दूही आहे. मग उर्दू प्रतही आम्हीच केली, आणि तिथे गंमत झाली. करार, शर्त, मुदत, रद्द, नुकसान हे शब्द जसेच्या तसे उतरले. पण मराठीतली 'तक्रार' उर्दूत गेली की भांडण होते, तिथे 'शिकायत' हवी. मराठीत 'खुलासा' मागितला तर स्पष्टीकरण मिळते, उर्दूत सारांश. 'राजीनामा' तर मराठीत नोकरी सोडायला लावतो आणि उर्दूत समेट घडवतो. एकाच घरचे शब्द, पण सासर वेगळे.

सारे मिळून पाच पाने झाली. वकिलाने दोन ठिकाणी लाल रेघ मारली, ती आम्ही मुकाट्याने मानली. पहिले गिऱ्हाईक पावसचे आंबा बागायतदार. त्यांनी चष्मा लावून पाचही पाने वाचली, मग बोट ठेवून विचारले, "मास्तर, दुरुस्तीसाठी महिन्यातून एकदा साईट बंद ठेवणार म्हणता, ती एप्रिल-मेमध्येसुद्धा?"

भाच्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही पेन काढले आणि त्या कलमात हापूसचा हंगाम घातला.