आधी लेन्स, मग बॉडी

गणपतीला चाकरमानी गावी आले की आमच्या नाटे परिसरात मला हमखास विचारणा होते, "काका, कॅनन घेऊ की निकॉन?" मी उलट विचारतो, "फोटो कशाचे काढणार?" बहुतेक जण "सगळ्याचेच" म्हणतात. सगळ्याचे फोटो मोबाइल काढतोच की! लेन्स मात्र विषय बघून ठरवायची.

शिमग्यात रात्री नाचणारी पालखी घ्या. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची लेन्स झूम केली की एफ ५.६वर येऊन अडते. एफ १.८ची साधी ५० मिमी लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे १/२५ सेकंदाला पालखीचा नुसता फराटा येत होता, तिथे १/२५० मिळतो आणि भोयाच्या कपाळावरचा घामही दिसतो. बॉडी तीच, फक्त लेन्स बदलली. मात्र छोट्या, एपीएस-सी सेन्सरवर ही ५० मिमी पंचाहत्तर-ऐंशीसारखी वागते. पडवीत बसलेल्या आजीचा फोटो काढायचा तर पाठ भिंतीला टेकते. घरात आणि साखरी नाट्याच्या बंदरावरच्या गर्दीत ३५ बरी.

कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती टिपायचा असेल, तर महागडी लेन्स दूरच राहू दे. सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन पाहिजे. दुपारी तिथे जांभ्याशिवाय काही दिसत नाही.

एकूण काय, बॉडीपेक्षा लेन्स महत्त्वाची; म्हणून मी आधी माउंट, म्हणजे बॉडीला लेन्स जिथे बसते ती जोडणी, बघायला सांगतो. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी वाटते, लेन्स राहतात. निकॉनचा एफ माउंट १९५९चा, कॅननचा ईएफ १९८७चा. दोघांनी मिररलेससाठी २०१८मध्ये नवे माउंट आणले; सोनीचा ई २०१०पासून आहे. आरसा गेल्यामुळे लेन्स सेन्सरच्या जवळ आली: ईएफमध्ये ४४ मिमी असलेलं अंतर कॅननच्या नव्या आरएफमध्ये २० झालं. मधले २४ मिमी अडॅप्टर भरून काढतो, त्यामुळे जुनी ईएफ लेन्स नव्या बॉडीवर चालते. उलटं जमत नाही.

पैसे बेताचे असतील तर आरशाचा जुना डीएसएलआर खुशाल घ्या. त्या माउंटसाठी नव्या लेन्स येणं जवळपास थांबलंय, पण वापरलेल्या भरपूर मिळतात. फक्त निकॉनची 'एएफ-डी' लेन्स स्वस्त मिळाली म्हणून भुलू नका. डी३५०० किंवा डी५६००मध्ये तिचा फोकस फिरवणारी मोटर नसते, फोकस हातानेच करावा लागतो.

जुनी लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. काचेत कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले, तर ती बुरशी. विकणारा "फोटोत दिसत नाही" म्हणेल; आज दिसत नसेलही. आपल्या पावसाळ्यात ती वाढणारच, शिवाय शेजारच्या लेन्सलाही धोका.

त्यामुळे बजेटमधले थोडे पैसे हवाबंद डब्यासाठी ठेवाच. झाकणाला रबर असलेला डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. फार कोरडंही बरं नाही, रबर आणि ग्रीस सुकतं. जेलने रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरा. बंदरावरून आल्यावर गोड्या पाण्यात पिळून घेतलेल्या फडक्याने बॉडी पुसा, मग कोरड्याने. जेट्टीवर लेन्स बदलू नका. आणि कॅमेरा चार महिने त्याच्या बॅगेत झोपवून ठेवू नका, बॅगेतला फोम ओल धरून बसतो.