मोजणारे हात

‘युगान्त’ १९६७ साली प्रसिद्ध झाले, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखिकेचा परिचय करून देताना आम्ही शिक्षक मंडळी ‘मानववंशशास्त्रज्ञ’ हा शब्द उच्चारतो आणि लगेच द्रौपदीकडे वळतो. त्या शब्दामागे एक प्रयोगशाळा आहे, तिथल्या टेबलावर माणसांच्या कवट्या आहेत, याची दखल साहित्याच्या वर्गात सहसा घेतली जात नाही. ती घ्यायला हवी असे आम्हांला वाटते. कारण इरावतीबाईंची दृष्टी कोठे घडली, या प्रश्नाचे काही उत्तर त्या टेबलापाशी आहे.

बर्लिनच्या दालेम उपनगरात १९२७ साली मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांसाठी कैसर विल्हेल्म संस्था सुरू झाली. ऑयगेन फिशर हे तिचे संचालक. पुढे नाझी वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा याच संस्थेने दिला. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावतीबाई येथे फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. विषय होता कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील विषमता. गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी अधिक विषम असावी आणि ती विषमता त्याच्या वरचढ बुद्धीची खूण ठरावी, ही गुरूंची अपेक्षा. शिष्येने १४९ कवट्या मोजल्या. वंशाचा आणि विषमतेचा संबंध आकड्यांत दिसेना. तो दिसत नाही, असेच तिने लिहिले.

कवटी मोजणे हे कंटाळवाणे काम आहे. ठरावीक बिंदू शोधायचे, कॅलिपरची टोके त्यांवर टेकवायची, अंतर वाचायचे, रकान्यात लिहायचे. मग दुसरी बाजू, मग पुढची कवटी. या कामात वक्तृत्वाला जागा नाही. मात्र निष्कर्ष आधी ठरलेला असेल, तर हात नकळत त्याच्या बाजूने झुकू शकतो. परदेशी विद्यापीठात, पदवी ज्यांच्या हाती आहे त्यांच्यासमोर हात न झुकू देणे, याला आम्ही वाचनाची नीती म्हणू. ‘युगान्त’ लिहिताना इरावतीबाईंनी भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती आधाराला घेतली. लाडक्या कथा बाजूला सारून हाती असलेल्या संहितेचेच ऐकायचे, ही शिस्त आम्हांला त्या रकान्यांची सख्खी बहीण वाटते.

तथापि गोष्ट एवढीच सांगून थांबणे सोयीचे होईल. हे सारे वर्गात मांडल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “पण सर, त्या कवट्या कोणाच्या होत्या?” वर्ग गप्प झाला. बर्लिनच्या संग्रहांतील कितीतरी कवट्या जर्मन वसाहतींतून, विशेषतः पूर्व आफ्रिकेतून, आणलेल्या होत्या. कोणी संमती दिली नव्हती. अशा सुमारे १,१०० कवट्यांच्या मुळाचा शोध घेणाऱ्या संशोधनाचे निष्कर्ष २०२३ साली जाहीर झाले, आणि काहींचे वंशज आज टांझानियात राहतात हे त्यातून कळले. म्हणजे रकान्यातल्या क्रमांकाला नातवंडे-पणतवंडे होती.

शिवाय कॅलिपर बर्लिनमध्येच राहिला नाही. १९३९ साली इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या, वि. म. दांडेकरांसह केलेले महाराष्ट्रातील शरीरमापनाचे काम १९५१ साली प्रसिद्ध झाले. वंशश्रेष्ठतेचा दावा खोडणाऱ्या हातांनी येथे जातीजातींची मापे घेतली. त्यांचा हेतू फिशर यांचा नव्हता. जात हा आप्तसंबंधांचा विस्तारित गट आहे, असे त्यांचे प्रतिपादन. पण मोजून घेणाऱ्या माणसाला त्या दिवशी काय वाटले असेल, ते कोणत्याच रकान्यात आलेले नाही.

या दोन्ही गोष्टी एकाच लेखिकेच्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही, आणि त्यांची वजाबाकी करून शिल्लक काढण्याची घाईही आम्हांला नाही. ‘युगान्त’मध्ये कोणीही निष्कलंक नाही, भीष्मही नाही, कुंतीही नाही. त्या पुस्तकाने वाचायला शिकवले तसेच त्याच्या लेखिकेलाही वाचावे. विद्यार्थिनीचा प्रश्न आता आमच्या टिपणवहीत, परिचयाच्या परिच्छेदाखालीच लिहिलेला आहे. यंदा द्रौपदीकडे वळण्यापूर्वी तो वर्गापुढे ठेवू.