जाड तार

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर मी सध्या तारा मोजतोय. अक्षरशः. दिवाळीच्या फराळासाठी आणलेला तो डिजिटल काटा आहे ना, त्यावर परवा रात्री गिटारच्या जुन्या तारेचा अर्धा मीटर तुकडा ठेवून ‘१८ ग्रॅम’ असं वहीत टिपत होतो, तेवढ्यात ही पाणी प्यायला उठली. बघितलं, पाणी प्यायली, परत गेली. तेवीस वर्षांच्या संसारानंतर माणसं फार प्रश्न विचारत नाहीत.

नातेवाईक मंडळींसाठी थोडं आधी सांगतो. माझ्याकडे आहे ती साधी गिटार नाही, बेस गिटार आहे. चार जाड तारा, लांब मान, आणि आवाज असा की तो असताना कुणाच्या लक्षात येत नाही, बंद पडला की मात्र ‘काहीतरी गेलं’ असं वाटतं. काकू आमचा प्रत्येक कार्यक्रम झाल्यावर न चुकता विचारते, “तू वाजवत होतास की नुसता उभा होतास?” असो.

कॉलेजपासूनचे आम्ही पाचजण. १९९४ पासून एकत्र वाजवतोय, मधली दहा-बारा वर्षं पोरंबाळं आणि होमलोन ह्यात गेली ती सोडा. एक आड एक रविवारी कोथरूडला एकाच्या पार्किंगमधल्या खोलीत जमतो. गाणाऱ्याला आम्ही बुवा म्हणतो. त्याने आयुष्यात एकही अभंग म्हटलेला नाही. जुनं हार्ड रॉक गातो, आणि असं गायचा की वरच्या मजल्यावरचे आजोबा खाली येऊन उभे राहायचे. (तक्रार करायला. पण उभे राहायचे.)

गेल्या वर्षापासून बुवाच्या दांड्या सुरू झाल्या. एकदा घसा बसला, एकदा ऑडिट, एकदा सासूबाईंना स्टेशनवर आणायला जायचंय. आला तरी वरच्या सुराची जागा आली की माईक प्रेक्षकांकडे धरायचा. आता पार्किंगमध्ये प्रेक्षक म्हणजे दोन अॅक्टिव्हा आणि एक झाकलेली मारुती. आम्हाला सगळ्यांना कळत होतं. बावन्नाव्या वर्षी विशीतला सूर लागत नाही, ह्यात लाजण्यासारखं काही नाही. पण बुवाला हे सांगणार कोण? ह्याच माणसाने मला फर्स्ट इयरला मारामारीतून सोडवलं होतं.

आणि मला सारखी आई आठवत होती.

आई गायची. तिचा तंबोरा मिरजेचा, आणि तिची पट्टी काळी चार. पन्नाशी ओलांडल्यावर आवाज खाली यायला लागला. तिने गुपचूप तंबोऱ्याच्या खुंट्या ढिल्या केल्या आणि पांढरी चारला लावला. आता बायकांचा तंबोरा लहान, तारा बारीक. त्या एवढ्या खाली आणल्यावर जवारी गेली, खर्ज नुसता ‘ढब ढब’ करायला लागला. तिला वाटलं आपलाच गळा गेला. तंबोऱ्याला गवसणी घातली आणि कोपऱ्यात उभा केला. दोन वर्षं तो तसाच होता. आम्ही घरातले सगळे शहाणे, कुणी एका शब्दाने विचारलं नाही. शेवटी कुठल्याशा लग्नासाठी मिरजेला गेली असताना तंबोरा बरोबर नेला. कारागिराने एक तार छेडली आणि म्हणाला, “बाई, गळ्याला काय झालंय? तारा बदला.” त्याने जाड तारा चढवल्या, घोडीवर जवारी नव्याने काढून दिली. आई घरी आली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्हा सगळ्यांची झोपमोड झाली.

तर २२ जुलै २०२५ ला ऑझी ऑस्बर्न गेला. ५ जुलैला बर्मिंगहॅमला व्हिला पार्कवर शेवटचा कार्यक्रम करून, उभं राहता येत नव्हतं म्हणून खुर्चीत बसून गाऊन, सतराव्या दिवशी गेला. आमच्या ग्रुपवर शोकसभा चालू होती, तिथे मी घाईघाईने लिहून टाकलं की श्रद्धांजली म्हणून आपण ह्यापुढे सगळी गाणी तीन घरं खाली, म्हणजे सी शार्पला वाजवू या. ब्लॅक सॅबाथने १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ मधली बरीच गाणी तशीच केली आहेत. त्यामागची गोष्टही मला आवडते. टोनी आयोमीची सतराव्या वर्षी कारखान्यात मशीनमध्ये सापडून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. ताणलेली तार दाबताना दुखायचं, म्हणून त्याने तारा ढिल्या केल्या, आणि त्यातून तो जड, काळाकुट्ट आवाज आला ज्यावर पुढे अख्खं हेवी मेटल उभं राहिलं.

बुवाने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं बटण दाबलं, त्याचं काम संपलं. गिटारवाल्यांनी जरा जाड सेट चढवले. ड्रमरला काय, त्याला सी शार्प आणि ई सारखेच. राहिलो मी. खुंट्या फिरवल्या, आणि खालची तार अशी लोळायला लागली जशी दोन खांबांवर वाळत घातलेली दोरी. जोरात छेडली की आधी सूर चढा, मग हळूहळू जागेवर, आणि वर फ्रेटवर आपटून खडखडाट. आईचा खर्जच तो.

ह्यामागचं गणित शाळेतलंच आहे. तारेची लांबी आणि वजन तेच असेल तर ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. माझी ई ची तार ४१.२ हर्ट्झची, ती ३४.६ वर आणली. सूर फार तर सोळा टक्के उतरला, पण ताण राहिला फक्त एकाहत्तर टक्के. साधारण १८ किलोचा १३ किलो. तोच ताण परत हवा तर तार तेवढ्या पटीत वजनदार हवी, आणि जाडी त्याच्या वर्गमुळाच्या हिशोबात, म्हणजे एकोणीस टक्के जास्त. माझी जुनी तार १०५ ची होती (इंचाचे १०५ हजारांश, पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास), आता हवी १२५ ची. गुंडाळलेल्या तारेत हे तंतोतंत जुळत नाही, म्हणून तो काटा.

पण हे गणित मी नंतर केलं. आधी केली चूक. दुकानात जाऊन ‘खाली उतरवायचंय’ एवढंच सांगितलं. त्यांनी नेहमीचा उपाय दिला, पाच तारांच्या बेसचा सेट घ्या, सगळ्यात बारीक तार बाजूला ठेवा आणि उरलेल्या चार लावा. १३०, १०५, ८५, ६५. उपाय उत्तम आहे, पण तो थेट बी पर्यंत उतरणाऱ्यांसाठी. मी त्या सी शार्पला लावल्या, म्हणजे प्रत्येक तार तिच्या नेहमीच्या जागेपेक्षा दोन घरं वर, आणि ताण सव्वापटीहून थोडा जास्त. रात्री लावली, सकाळी बघतो तर नेक धनुष्यासारखी पुढे वाकलेली आणि बाराव्या फ्रेटवर तारेखालून पेन्सिल जाईल एवढी जागा. श्रावणात शिवधनुष्य! बोटांना आलेले फोड ऑफिसात ‘बागकाम’ म्हणून खपवले.

तयार ‘हेवी’ सेटचाही मी बराच अभ्यास केला. ५५-७५-९०-११० असा एक चांगला सेट मिळतो. पण हिशोब मांडला तर वरच्या दोन तारा बरोबर बसतात आणि खालच्या दोन, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या वीस-बावीस टक्के ढिल्याच राहतात. तेव्हा सेटच्या नावावर जाऊ नका, चारही तारांचा वेगवेगळा हिशोब करा. माझा निघाला १२५, १०५, ८०, ५५. सुट्ट्या तारा इथे मिळवणं म्हणजे आषाढात हापूस शोधणं. शेवटी न्यू जर्सीच्या भाच्याने येताना आणल्या. (ताई, त्याच्या बॅगेतल्या ज्या वस्तूला कस्टमवाल्यांनी उघडून बघितलं ती हीच.)

तारा राऊंडवाऊंडच घेतल्या. फ्लॅटवाऊंडचा तो गोल, मऊ आवाज मलाही आवडतो, मोटाऊनच्या जेम्स जेमर्सनने सगळा संसार त्यांच्यावरच केला. पण आमच्या छोट्या अॅम्पमधून ३४ हर्ट्झ बाहेर येतच नाही. कानाला ऐकू येतात ते वरचे स्वरांश, आणि खालचा सूर मेंदू आपणहून भरून घेतो. वरचे स्वरांश मुबलक हवेत, तर नवी करकरीत राऊंडवाऊंड बरी.

१२५ ची तार नटच्या खाचेत बसेना, वरच तरंगत होती. कानशीने खाच मोठी केली, दोन घासे मारायचे आणि बघायचं, कारण मोठी झालेली खाच लहान करता येत नाही. खुंटीपाशी तार आधी काटकोनात वाकवली आणि मगच कापली, नाहीतर वरचं वेटोळं सुटतं आणि एवढी महागाची तार मुकी होते. जाड तार ताठ असते म्हणून पुलावरचं तिचं सॅडल पार मागे न्यावं लागलं, तेव्हा कुठे बाराव्या फ्रेटवरचा सूर जमला. दोन रविवार गेले ह्यात.

गेल्या खेपेला सगळे आले. बुवाही. पहिलंच गाणं घेतलं, ती वरची जागा आली, मी मान खाली घालून वाजवत राहिलो. माईक कुठेही गेला नाही. सूर लागला. विशीतला नव्हता, जरा जाडसर होता, पण पूर्ण लागला. वरचे आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले, नाहीतर नक्की खाली आले असते.

चहाच्या वेळी बुवा माझ्या शेजारी येऊन बसला. बेसची ती खालची तार अंगठ्याने दाबून बघितली.

“केवढ्याला पडली रे?”

“भाच्याने आणली. का?”

“नाही,” तो बिस्कीट बुडवत म्हणाला, “पुढच्या वेळी ह्याच्याहून जाड पण मागवून ठेव. लागेल दोन-चार वर्षांत.”

मी बरं म्हटलं. आईला फोनवर सांगितलं तर तिने पहिलं हे विचारलं की जवारी काढून घेतलीस का. बेसला जवारी नसते हे तिला मी तीस वर्षं सांगतोय.

१३० ची न कापलेली तार माझ्याकडे पडून आहे, एक रात्र वापरलेली. पाच तारांचा बेस कुणाकडे असेल तर घेऊन जा.